मागचा ट्रक

शैलानं जुनी रडार गन पुन्हा शरणापूर फाट्याकडून येणाऱ्या स्कूटरवर धरली. आकडा आला शहात्तर. स्कूटरला दुधाच्या कॅन लटकत होत्या आणि दूधवाला पान चघळत निवांत येत होता.

शेजारी बन्सी हवालदार नव्या लेझर गनमधून एक डोळा मिटून पाहत होता.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "मागं ट्रक हाय बघा, ताई. तुमच्या मशिनीनं त्यो धरला."

दोन्ही यंत्रं आज जोडीनं वापरून बघा, असं साहेबांनी सांगितलं होतं. नव्याचे नखरे फार. हात हलला की आकडा नाही, धुरळा उडाला की आकडा नाही. पण ज्या नंबरप्लेटवर धरावं तिचाच वेग ते सांगायचं. जुन्याची नजर ऐसपैस. मागून मोठं धूड वेगानं आलं, की त्याचा आकडा ते पुढच्या छोट्याच्या गळ्यात मारायचं.

शैलाचा हात खिशातल्या किल्लीकडे गेला. मागच्या महिन्यात इथंच तिनं स्वतःच्या सासऱ्यांना अडवलं होतं. रामकिसनमामा दर सोमवारी मोटरसायकलवर वेरूळला दर्शनाला जात. आकडा आला पंच्याऐंशी. मामांनी मुकाट्यानं दंड भरला. या वयात हा वेग म्हणून तिनं किल्लीच काढून घेतली. तेव्हापासून दर सोमवारी मामा टोपी घालून ओट्यावर नुसते बसून राहत.

आजही सोमवारच होता. दिवसभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरी येताच बूटही न काढता तिनं किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"मामा, त्या दिवशी तुमच्या मागं ट्रक होता का?"

"व्हता. लई हॉर्न वाजवत व्हता."

"मग बोलला का नाय? मशीन चुकलं म्हणायचं."

"म्हणलो असतो. पण तू अडवलेले समदे तिथंच उभे व्हते. सासराच मशीन खोटं म्हणतो म्हणल्यावर त्यायनी तुझी काही किंमत ठेवली असती का?"

मामांनी किल्ली घेतली, टोपी सारखी केली. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला. शैलाला बरं वाटायला हवं होतं.

त्या दिवशी दंडाच्या रांगेत मामांच्या मागं लासूर स्टेशनचा एक टेम्पोवाला उभा होता. ताई, चाळीसच्या वर नव्हतो, असं हात जोडून सांगत होता. मामांकडे बोट दाखवून ती त्याला म्हणाली होती, "माझा सासरा गप दंड भरतोय. अन् तू मशीनला खोटं म्हणतो?"