तीन दारं, एक चावी

आमच्या घराला दारं तीन आणि चाव्याही तीन. ह्यांना त्यातली एकही धड ओळखता येत नाही. पुढच्या दाराला मागची चावी लावायची आणि अडकली की दारालाच शिव्या घालायच्या. शेवटी मीच म्हटलं, बोलवा त्या चावीवाल्याला आणि तिन्ही कुलपांना एकच चावी करून घ्या. डोक्याला ताप नको.

"पण सांगून ठेवते, पुढच्या दाराची चावी बदलायची नाही. बाकीची दोन कुलपं तिला जुळवायची."

का, ते ह्यांना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी बापलेकाचं कडाक्याचं भांडण झालं आणि आमचा धाकटा घर सोडून गेला. फोन नाही, पत्ता नाही. पण पुढच्या दाराची चावी त्याच्याकडे होती, आणि तेवढ्यावर मी तग धरून होते. तेव्हापासून मी आतून कडी लावलेली नाही. शेजारीण म्हणते, वेड लागलंय तुम्हाला. लागू दे! माझा मुलगा आला आणि स्वतःच्याच घराचं दार त्याला उघडता आलं नाही, असं मी होऊ देणार नव्हते.

चावीवाला आला तो बडबडतच. तिन्ही कुलपं खोलून त्यानं जेवणाच्या टेबलावर मांडली. आतल्या बारीक पिना चावीच्या दात्यांप्रमाणे बदलायच्या, एवढंच काम. मग माझी चावी डोळ्यांजवळ धरून त्यानं नाक मुरडलं.

"काकू, दाते पार झिजलेत. हिच्यावर पिना बसवल्या तर न झिजलेली दुसरी चावी लागायचीच नाही."

त्यानं ह्यांची चावी पाहिली, तीही तसलीच.

"कमी वापरलेली एखादी आहे का?"

"आहे, पण घरात नाही," मी म्हटलं.

हे उठले. आतल्या खोलीत कपाट करकरलं. बाहेर येऊन ह्यांनी टेबलावर एक चावी ठेवली. दाते शाबूत, कडीत निळी शिटी. धाकट्याची.

"अहो, ही तुमच्याकडे कशी?"

"जाताना ठेवून जा म्हटलं मी," हे खाली बघत म्हणाले. "ठेवली त्यानं."

सात वर्षं! जिन्यात पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराकडे बघत बसायचे, आणि हा माणूस समोर बसून ते मुकाट बघत होता.

चावीवाल्याला कशाचा पत्ता नाही. "ही एकदम झकास!" म्हणत तो कामाला लागला. अर्ध्या तासात तिन्ही कुलपं त्या एका चावीनं अलगद फिरायला लागली.

"नव्या किती काढू?"

"तीन," हे घाईघाईनं म्हणाले.

"दोनच काढा," मी म्हटलं. "तिसरी त्याला पाठवायची कुठं?"