बारमाही आठ जण

साल १९८४. जूनमधल्या एका गुरुवारी सकाळी सातच्या सुमाराला, ॲरिझोनातल्या पालो व्हर्दे वस्तीच्या हॉलसमोर ड्वेन मॅनेजर बोटात किल्ली फिरवत उभा होता आणि माणसं मोजत होता.

"सात," तो म्हणाला.

"नीट मोज रे. आमच्या दिराला धरलंच नाहीस तू," डेल्फिना ओचोआ म्हणाली. "तो तिकडे झाडामागे धूर काढतोय."

झाडामागून आधी खोकला आला, मग सिगारेट विझवत चुय आला.

"आठ," ड्वेन म्हणाला आणि त्यानं कुलूप काढलं.

आयर्मा ट्वेटचा अडकलेला श्वास सुटला. दर गुरुवारी तिचं हे असंच व्हायचं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, परीक्षेचा निकाल ऐकायला आलेल्या मुलीसारखी ती त्या दारापाशी उभी राहायची. आत कूलर घरघरायला लागायचा, भिजलेल्या गवताचा वास सुटायचा, हॉबर्ट स्कॅग्ज आपल्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडी चढवायचा आणि तबकडीतला माणूस ओरडायचा, "जोडीदाराला लवून नमस्कार करा!" की आयर्माचे पाय आपोआप उचलले जायचे.

हा सगळा घोळ झाला होता फेब्रुवारीतल्या सभेत.

पालो व्हर्देत चारशे घरं. चाकांवरून आणून ठेवलेली, पत्र्याची, पुढे हातभर अंगण असलेली. ऑक्टोबर लागला की उत्तरेच्या बर्फातून म्हातारी जोडपी गाड्या भरभरून यायची आणि एप्रिलमध्ये ऊन चावायला लागलं की परत जायची. त्यांना सगळे हिवाळी पाखरं म्हणत. जी मूठभर माणसं वर्षभर तिथेच राहायची, ती बारमाही. सभा नेहमी फेब्रुवारीत व्हायची, म्हणजे ऐन पाखरांच्या दिवसांत. त्यामुळे उन्हाळ्यात वस्तीत काय व्हावं हे ठरवायची ती उन्हाळ्यात तिथे नसणारी माणसं. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नसे.

त्या सभेत खजिनदार लॉइड क्वाम उभे राहिले. मिनेसोटाचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. "उन्हाळ्यात तो हॉल आपण कोणासाठी थंड करतो?" त्यांनी विचारलं. "पालींसाठी?"

सगळे हसले. आयर्माही हसली. तीही पाखरूच होती. सहा हिवाळे नवऱ्याबरोबर, सेल्मरबरोबर आली होती, आणि हा सातवा एकटीनं.

डेल्फिना मागच्या रांगेतून उठली. "पाली नाचत नाहीत, मिस्टर क्वाम. आम्ही नाचतो."

"किती जण?"

"चौकडीच्या नाचाला चार जोड्या लागतात. आठ जण."

"आठ आहात?"

डेल्फिनानं आजूबाजूला पाहिलं. ती आणि चुय, प्रूइट नवरा-बायको, हॉबर्ट, आणि एनिड आणि फर्न या दोघी बहिणी. फर्न पुरुषी टोपी घालून पुरुषाच्या जागी नाचायची. "सात," डेल्फिना म्हणाली.

"मग झालं तर. ज्या गुरुवारी आठ भरतील त्या गुरुवारी कूलर लावा. एक जरी गुरुवार चुकला, तर ऑक्टोबरपर्यंत कुलूप."

हात वर झाले. आणि त्या सगळ्या हातांत एक हात उशिरा वर गेला, तो आयर्माचा. ठरावाला नव्हता तो.

"आठवी मी," ती म्हणाली.

तिचा तिलाच धक्का बसला. लॉइड क्वामांची बायको आर्डिस पुढच्या रांगेत बसली होती. हिवाळ्यातली सगळ्यांत देखणी नाचणारी ती. तिनं मागे वळून आयर्माकडे पाहिलं आणि डोळा मारला.

फार्गोहून मुलाचा, जेराल्डचा, त्याच रविवारी फोन आला. त्यानं तळघरातली खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती.

"मॉम, तिकडे उन्हाळ्यात माणसं भाजून निघतात."

"भाजून निघालेल्या एकीशी रोज बोलते मी. ठणठणीत आहे."

"आणि करणार काय दिवसभर?"

"गुरुवारी नाचणार."

"आणि उरलेले सहा दिवस?"

"गुरुवारची वाट बघणार."

शेवटी तह झाला. ज्या दिवशी हॉलला कुलूप लागेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी आयर्मा उत्तरेकडे निघेल. तळघराची खोली छान होती, निळी होती. पण तिला एकच खिडकी होती आणि तीतून लोकांचे फक्त पाय दिसायचे.

एप्रिलमध्ये पाखरं गेली. जाताना त्यांनी उन्हासाठी खिडक्यांना आतून चांदीचा कागद लावला, कुंड्या शेजाऱ्यांच्या गळ्यात घातल्या, आणि चार दिवसांत वस्ती अशी रिकामी झाली की आयर्माला रस्त्यावर स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. तिला वाटलं होतं, भीती वाटेल. वाटली नाही. जत्रा पांगल्यावर मैदान आपल्याला मिळावं तसं वाटलं.

जगायचं कसं ते डेल्फिनानं शिकवलं. तिचा सगळा जन्म त्याच डोंगराच्या पायथ्याशी गेलेला, नवरा तांब्याच्या खाणीत होता.

"थंड पाण्याचा नळ सोड बघू," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली.

आयर्मानं सोडला आणि किंचाळून हात मागे घेतला. "हे तर उकळतंय!"

"उकळणारच. नळ जमिनीत, जमीन तव्यासारखी. आता गिझर बंद कर. त्याच्या टाकीतलं पाणी घरातल्या सावलीत गार होतं. गरम पाणी हवं तर थंडचा नळ, थंड हवं तर गरमचा. ऑक्टोबरात परत उलटं."

आयर्मा इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. मग तिनं गाडीच्या स्टिअरिंगसाठी ओव्हनचे जाड हातमोजे ठेवले, पहाटे पाचला बाजार करायला शिकली, दुपारी पडदे ओढून मरणाची झोप काढायला शिकली. आणि जूनच्या शेवटी डेल्फिना तिला वाळवंटात घेऊन गेली. उंचच उंच निवडुंगांच्या टोकाला फळं उकलली होती. लांब काठीनं एक पाडून डेल्फिनानं तिच्या तळहातावर ठेवलं. आत लालभडक गर, खसखशीसारखं बी.

"सात वर्षं मी ही झाडं बघतेय," आयर्मा तोंड लाल करून म्हणाली. "यांना फळं येतात हे मला कुणी सांगितलं नाही!"

"सांगून काय उपयोग? फळं धरतात तेव्हा तुम्ही पळालेले असता."

"असता नाही. होता म्हण."

"होता तर होता. पूस ते तोंड, खून करून आल्यासारखी दिसतेस."

रविवारी जेराल्ड विचारायचा, "काय, नाच चालू आहे?" आणि ती म्हणायची, "आहे की!" आवाजातला आनंद लपवावा हेही तिच्या लक्षात यायचं नाही.

जुलै संपता संपता हॉबर्टला घेरी आली. फार काही नव्हतं, पण तल्साहून त्याची मुलगी विमानानं आली आणि दोन दिवसांत त्याची बॅग भरली. निघताना तो आयर्माच्या दारात आला. जोडीदार होता तो तिचा. त्याच्या हातात रेकॉर्ड प्लेअर होता.

"हा ठेव. तिकडे पोरीच्या घरी गालिचे आहेत. गालिच्यावर कसलं नाचतेस!"

"परत येशील ना रे?"

"येईन की," हॉबर्ट म्हणाला आणि दोघांनीही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

सात उरले.

पहिल्या गुरुवारी डेल्फिनानं पोस्टमनला अडवलं. तो बिचारा खांद्याला झोळी तशीच ठेवून एक फेरा नाचला, तीनदा चुकीच्या बाईला फिरवून पळाला. "आठ म्हणजे आठ," ड्वेन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. दुसऱ्या गुरुवारी कुणीच मिळेना, तेव्हा फर्ननं आपली टोपी सरळ ड्वेनच्याच डोक्यावर ठेवली.

"मी मोजणारा आहे, मिस फर्न. मोजणाऱ्याला कसं मोजायचं?"

"आरशात बघून मोज."

तोही नाचला, बरा नाचला. पण संध्याकाळी आयर्माकडे येऊन पायरीवर बसला. "मिस आयर्मा, माझी नोकरी जाईल हो. मिस्टर क्वामांनी फोनवर विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही. पुढच्या गुरुवारी खरा आठवा हवा. वस्तीतला."

चारशे घरांतल्या जवळजवळ सगळ्या खिडक्यांना चांदीचा कागद होता. आठवा आणायचा कुठून?

त्या गुरुवारी आयर्मा पहाटेच उठली. कपाटावरची सुटकेस तिनं खाली काढली, उघडली, आणि तशीच पलंगावर ठेवून नाचाचा घेरदार झगा घातला. हॉलपाशी सहा जण होते. चुय आज झाडामागे गेलाच नव्हता.

ड्वेननं मोजलं. पुन्हा मोजलं. किल्ली खिशात टाकली.

तेवढ्यात वस्तीच्या फाटकातून मिनेसोटाच्या पाटीची, धुळीनं माखलेली गाडी आत आली आणि हॉलसमोर थांबली.

"मेलो," ड्वेन म्हणाला. "मिस्टर क्वाम."

"ऑगस्टमध्ये?" प्रूइटबाई कुजबुजल्या. "बघायला आलेत की काय आपल्याला?"

"येऊ देत," डेल्फिनानं बाह्या सरसावल्या. "आज मी बोलणारच आहे. पाली म्हणे!"

पण गाडीतून कोणी उतरेना. शेवटी आयर्माच गेली. लॉइड क्वाम दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं.

"लॉइड? हात भाजतील तुमचे. आर्डिस कुठाय?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग आयर्माला शेजारच्या सीटवर आर्डिसची तपकिरी पर्स दिसली. सीटचा पट्टा लावून ठेवलेली.

"गेली," ते म्हणाले. "जून संपताना. तुम्हाला कळवायला हवं होतं."

आयर्मानं गाडीचं दार उघडलं. बारमाह्यांना हिवाळी पाखरांचा उन्हाळा कधी कळत नसे.

"सगळे म्हणत होते, हिवाळ्यात जाच तुम्ही ॲरिझोनाला, बरं वाटेल," लॉइड म्हणाले. "हिवाळा फार लांब होता हो."

"उतरा. आत गार आहे," आयर्मा म्हणाली, आणि मग खरं सांगितलं. "म्हणजे, असतं. आज कुलूप आहे. आम्ही सातच आहोत."

लॉइडनी काचेतून बाहेर पाहिलं. टोपी घातलेली फर्न, बाह्या सरसावलेली डेल्फिना, खिशात हात घालून उभा असलेला ड्वेन. आपला ठराव त्यांना आठवायला थोडा वेळ लागला असावा. मग ते पर्स घेऊन उतरले.

"ड्वेन," ते म्हणाले, "परत मोजा."

"मिस्टर क्वाम, तुम्हाला तर नाचता…"

"मोजा म्हटलं ना."

कूलर घरघरला. सहा हिवाळे लॉइड क्वाम त्या हॉलच्या भिंतीलगतच्या शेवटच्या खुर्चीत बसले होते, आर्डिसची पर्स मांडीवर धरून. एकदाही उठले नव्हते. आताही ते सवयीनं त्या खुर्चीकडे गेले. उभे राहिले. मग त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, तिचा पट्टा नीट केला, आणि रिकामे हात घेऊन चौकडीतल्या हॉबर्टच्या जागी, आयर्माशेजारी येऊन थांबले.

"मला पावलं येत नाहीत," ते हळूच म्हणाले. "ती कुठे जायची तेवढं माहीत आहे."

"पुष्कळ झालं," आयर्मा म्हणाली.

"पायावर पाय दिलात तर मी भरपाई मागेन," पलीकडून डेल्फिना म्हणाली. "विम्यातले आहात, समजतं तुम्हाला."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी बोलण्यावर हसतोय अशा अवघडल्या आवाजात लॉइड हसले. तबकडीतला माणूस ओरडला. आठही जण लवले.

घरी आल्यावर आयर्मानं सुटकेस कपाटावर टाकली आणि रविवारची वाट न बघता जेराल्डला फोन लावला. "तळघर भाड्यानं दे," ती धापा टाकत म्हणाली.

पुढच्या फेब्रुवारीच्या सभेत आठांची अट काढून टाकायचा ठराव लॉइड क्वामांनीच मांडला. कुणीतरी ओरडून विचारलं, "उन्हाळ्यात तो हॉल कोणासाठी?" लॉइड म्हणाले, "माझ्यासाठी," आणि खाली बसले.

हॉबर्ट परत आला नाही. दोन वर्षांनी तल्सातच गेला. रेकॉर्ड प्लेअर मात्र वाजत राहिला. प्रूइट मंडळी मुलाकडे टेक्ससला गेली. फर्न गेल्यावर तिची टोपी एनिड घालायला लागली आणि पुरुषाच्या जागी नाचायला शिकली. चुय वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत झाडामागे सिगारेट ओढत राहिला. डेल्फिना म्हणायची, "हिवाळ्यात मरायचं नाही बाई, गाड्या लावायला जागा नसते." ती जुलैतच गेली, स्वतःच्या पलंगावर. जेराल्ड निवृत्त झाला आणि दर हिवाळ्यात पालो व्हर्देला यायला लागला. एप्रिलमध्ये तो निघाला की आयर्मा फाटकापाशी उभी राहून त्याला हात करायची आणि घरी येऊन गिझर बंद करायची. असे बावीस उन्हाळे तिनं काढले.

लॉइड क्वाम नऊ वर्षं नाचले. वाईट नाचायचे. दर गुरुवारी आधी पर्स खुर्चीवर ठेवायचे, मग चौकडीत यायचे.

ते गेले त्याच्या पुढच्या गुरुवारी आयर्मा ती तपकिरी पर्स घेऊन आली आणि तिनं ती शेवटच्या खुर्चीवर ठेवली, पट्टा नीट केला. ड्वेनचे केस तोवर पांढरे झाले होते. मोजायची काही गरज उरली नव्हती, पण सवयीनं त्यानं दारातून सगळ्यांवर बोट फिरवलं. खुर्चीपाशी त्याचं बोट क्षणभर थांबलं. मग त्यानं कूलर लावला.