कच्चा टाका

दादाने पँट उलटी केली आणि पुढच्या भागाला आतून दुसरं अस्तर लावायला घेतलं. मऊ, सुती, दोन पदरी. टाके इतके बेमालूम, की बाहेरून बघणाऱ्याला पँट एखाद्या नवरदेवाची वाटावी.

दादाच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. प्रोस्टेटची गाठ मुळासकट गेली, पण जाताना नळाचा वायसरही घेऊन गेली, असं वहिनी म्हणायच्या. गळती तीन महिन्यांत थांबेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अजून शिंकलं तरी थेंब यायचा, हसलं तरी यायचा. म्हणून दादा हल्ली जपून हसायचा. गिऱ्हाइकांनी विचारलं, की म्हणायचा, "एकदम ठणठणीत!"

दुपारी कटिंगच्या टेबलावर उन्हाची तिरीप आली, की त्याला तिथेच डुलकी लागे आणि रोजचं स्वप्न पडे. निळं कापड टेबलावरून ओघळतंय, दाराबाहेर चाललंय, रस्ताभर पसरलंय. हा कैची घेऊन त्याचा काठ शोधत निघालाय आणि काठ काही येत नाही. जाग आली, की हात आधी मांडीकडे जाई.

समोरच्या मशीनवर धाकटा भाऊ ते रोज बघे आणि मान खाली घाली. पंचवीस वर्षं दोघं असेच समोरासमोर. दादा माप घेऊन आकडे पुकारणार, धाकटा वहीत लिहिणार. त्याच वहीत चार महिन्यांपासून रक्ततपासणीची चिठ्ठी घडी घालून पडली होती.

"भाऊजी, रक्त देऊन आलात?" वहिनींनी चहा ठेवला. "सख्ख्या भावाला जास्त धोका असतो. डॉक्टर सांगून थकले."

"उद्या जातो, वहिनी."

"शिंप्याचा उद्या तो! गिऱ्हाइकांना द्या, मला नको."

धाकटा हसला. वहिनी बाहेरचे कपडे काढायला गेल्या. दोरीवर ओळीने दादाच्या पँटी वाळत होत्या. मागे एकदा त्या दोरीकडे बघत धाकटा वहिनींना हळूच म्हणाला होता, "याला ठणठणीत म्हणत असतील, तर मला न कळलेलंच बरं." आत डोळे मिटून पडलेल्या दादाने ते ऐकलं होतं.

दादाने दातांनी दोरा तोडला आणि पँट धाकट्यापुढे ठेवली.

"जरा माप बघ."

धाकट्याने टेप लावला. कंबर छत्तीस. लांबी एकोणचाळीस. दादा तर वर्षभरात बत्तीस इंचांवर आला होता. वही उघडायची गरज पडली नाही.

"हे माझं माप आहे."

"हो."

"काहीतरी अभद्र काय करतोस, दादा!"

"तपासलंस, काही निघालं, कापावं लागलं, तर हे अस्तर लागेल कदाचित. न तपासता बसलास, तर कदाचित कुठलीच पँट लागणार नाही."

मशीनचं चाक आपल्या नादात थोडं फिरलं आणि थांबलं. टेबलावरचं ऊन पाण्यासारखं हललं.

"मी ठणठणीत नाहीये," दादा म्हणाला. "ओला असतो दिवसभर. लोकांना खोटं सांगतो, तुलाही तेच सांगत आलो. पण तुझ्यासमोर बसलोय ना?"

धाकट्याने पँट कमरेला लावून बघितली.

"लांबी अर्धा इंच जास्त झालीय."

"करू कमी. आणि अस्तर नीट बघ."

धाकट्याने पँट उलटी केली. अस्तर नुसतं कच्च्या टाक्यावर धरलेलं होतं. एक दोरा ओढला, की साधी पँट.

त्याने दोरा ओढला नाही. पँटची घडी घालून ती आपल्या मशीनवर ठेवली, वहीतून चिठ्ठी काढली, चपला सरकवल्या आणि बाहेरच्या उन्हात उतरला.

"अहो भाऊजी, गळ्यातला टेप तरी काढा!" वहिनी दोरीजवळून ओरडल्या. "तिथे काय नर्सबाईंचं माप घेणार आहात?"

दादा हसला. खदखदून, टेबलाला धरून हसला, आणि हात मांडीकडे न्यायचं विसरला.