चौदा नाकं

त्या वर्षी साथीमुळे आमच्या कॉलेजात वर्ग बंद होते, ग्रंथालय बंद होतं, कॅन्टीनच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या पडल्या होत्या. चेंडू मात्र चालू राहणार होता. "मुलींचं मनोधैर्य खचता कामा नये," प्राचार्य बैठकीत म्हणाले. मनोधैर्य म्हणजे आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धा. तिच्या जाहिराती मैदानाच्या कुंपणावर आधीच लागून गेल्या होत्या, त्यामुळे मनोधैर्य खचून चालणारच नव्हतं.

मी कॉलेजच्या दवाखान्यातली सिस्टर. बैठकीत मला सगळ्यात शेवटची खुर्ची दिली होती. बाकीच्यांनी मास्क हनुवटीला लावले होते. हनुवटीला संसर्ग होऊ नये म्हणून आमचा स्टाफ फार जपतो. मी विचारलं, "सर, ज्या मुलींना आपण वर्गात लांब लांब बसवायलाही घाबरतो, त्याच मैदानावर एकमेकींच्या अंगावर पडणार. ते चालतं?"

"मैदान मोकळं असतं, सिस्टर. वारा असतो," प्राचार्य म्हणाले.

"हो, हा आजार वाऱ्याला फार बिचकतो बिचारा," मी म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, आणि ठराव मंजूर झाला.

खरं सांगायचं तर मला तो ठराव हवाही होता आणि नकोही. माझी भाची संघाची गोलकीपर. बहीण नोकरीसाठी परगावी, म्हणून पोरगी तीन वर्षं माझ्याकडे. शेवटचं वर्ष, आणि या स्पर्धेला निवड समितीची माणसं येणार होती. निवड झाली असती तर खेळाडूंसाठी राखीव जागेवर पक्की नोकरी होती. पण घरात आईही होती, माझी आई, तिची आजी. आईची फुप्फुसं आधीच कामातून गेलेली. पलंगावरून उठून खिडकीपाशी गेली तरी तिला धाप लागायची. घर दोन खोल्यांचं, आजी आणि नात एकाच खोलीत झोपायच्या. आईला श्वासाचा पंप द्यायचं काम भाचीचं.

सराव सुरू झाला. भाची रोज संध्याकाळी घामाघूम होऊन यायची आणि मी दारातच म्हणायचे, "या, आरोग्यदूत. आज कितीजणींच्या गळ्यात पडून आलात?" ती खिदळत आंघोळीला पळायची. मग केस पुसत आजीच्या पलंगावर जाऊन बसायची.

आयोजकांनी नियम मात्र कडक केला होता. चौदाही खेळाडूंची तपासणी, आणि एक जरी बाधित निघाली तरी अख्खा संघ बाद. नमुने मी घ्यायचे होते. पण त्या सोमवारी मला वसतिगृहातल्या विलगीकरण कक्षात ड्यूटी लागली. तेव्हा आमचे प्रशिक्षक पुढे सरसावले. त्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, कारण ते शिट्टी तोंडात ठेवूनच बोलतात. "डबा द्या इकडे, सिस्टर. मी ते एक तासाचं ऑनलाइन प्रशिक्षण केलंय," ते म्हणाले. मी नळ्यांचा डबा दिला. संध्याकाळी त्यांनी चौदा नळ्या परत आणून दिल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात नाव.

घरी मी भाचीला विचारलं, "नाकात काडी घातली तेव्हा दुखलं का गं?"

"छे, कळलंसुद्धा नाही," ती म्हणाली आणि मोजे शोधायला लागली.

वीस वर्षं मी लोकांच्या नाकाघशात काड्या घालते आहे. कळलं नाही असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरी मी पुढे विचारलं नाही.

बुधवारी अहवाल आला. चौदाच्या चौदा बाधित.

प्राचार्यांच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि शिट्टीसरांची पाचावर धारण बसली होती. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडात शिट्टी नव्हती. शेवटी त्यांनी खाली मान घालून सांगून टाकलं. एखादी मुलगी बाधित निघाली असती तर सगळ्यांच्याच मेहनतीवर पाणी पडलं असतं. म्हणून त्यांनी धोकाच ठेवला नाही. तीस वर्षांत ज्याला साधी सर्दी झाली नाही अशा खात्रीच्या माणसाचे नमुने घेतले. स्वतःचे. चौदाही.

"एकाच नाकातून?" मी विचारलं.

"दोन्ही नाकपुड्यांतून," ते म्हणाले. "सात-सात."

मला हसू आवरेना. प्राचार्यांचा चेहरा मात्र उजळत चालला होता. "म्हणजे मुलींना काहीच झालेलं नाही!" ते टेबलावर हात मारून म्हणाले. "सिस्टर, चूक झाली असं दोन ओळींत लिहा, मुलींना निरोगी दाखवा आणि सही करा. शनिवारी सामना आहे."

"सर, हा माणूस पंधरा दिवस त्या मुलींच्या कानाशी शिट्ट्या फुंकतोय. जरा लांब सरका, तुमच्याही शेजारीच बसलाय."

प्राचार्यांनी खुर्ची सरकवली, पण आग्रह सोडला नाही. उलट भाचीला आत बोलावून घेतलं. मावशीचं मन वळवायला भाची, असा त्यांचा हिशेब. ती दारात उभी राहिली, हातमोजे छातीशी धरून.

"मावशी, कर ना सही. एकच सामना आहे."

त्या दिवशी पहिल्यांदा मी टोमणा न मारता नाही म्हणाले. मग स्वतः चौदा नमुने घेतले, प्रत्येकीच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भाची माझ्याकडे न बघता खुर्चीत बसली आणि तशीच उठून गेली. घरी तिला बाहेरच्या खोलीत वेगळं ठेवलं, तर तिने दार आपटून लावून घेतलं.

शुक्रवारी खरा अहवाल आला. नऊ बाधित, त्यांत माझी भाची. त्याच सकाळी आईला ताप भरला होता आणि दुपारपर्यंत तिला एक वाक्यही सलग बोलता येईना.

पुढचं सगळं रीतसर झालं. स्पर्धा 'तांत्रिक कारणास्तव' पुढे ढकलली गेली. शिट्टीसर चार दिवस तापले आणि ठणठणीत झाले. प्राचार्यांनी माझ्या 'प्रसंगावधानाबद्दल' फोनवर अभिनंदन केलं, प्रशस्तिपत्रक देणार असल्याचंही सांगितलं. सिस्टरचंच बरोबर होतं, असं आता सगळं कॉलेज म्हणत होतं. आई इस्पितळात यंत्रावर होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी मला, वीस वर्षं नर्स असलेलीला, हळू आवाजात समजावलं की आता वाट बघायची.

मी घरी आले. भाचीचं ताट दारापाशी ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकले. दार उघडलं नाही. आतून तिचा बसलेला आवाज आला.

"आजी कशी आहे?"

"आहे," मी म्हणाले.

"माझ्यामुळेच ना?"

"वेडी आहेस का? त्या शहाण्या शिट्टीमुळे. त्या प्राचार्यांमुळे. नाकंसुद्धा भाड्याने आणतात मेले..."

"मावशी, पुरे," ती म्हणाली. मग बराच वेळ खोकली. "तुला आधीपासून माहीत होतं ना, हे धोक्याचं आहे?"

मी पुढे होऊन ताट दाराच्या आणखी जवळ सरकवलं.

"तू रोज दारात चेष्टा करायचीस. मला वाटायचं, मावशी नर्स आहे, हसतेय म्हणजे एवढं काही नसणार. खरंच भीती असती तर तिने मला आजीच्या खोलीत जाऊच दिलं नसतं."

मी तिथेच जमिनीवर बसले आणि तिला खरं ते सांगितलं, की तुझी निवड व्हावी असं मलाही वाटत होतं.