पोटातला कापूस

द्वारकाबाई बर्व्यांनी सुरेखाला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. कर्जतच्या कॉलेजात दोघींनी प्राणिशास्त्र शिकवलं. बाई विभागप्रमुख, सुरेखा त्यांच्या हाताखाली. पण मुलं सदा सुरेखाच्या मागे. तिच्या निरोप समारंभाला हॉल पुरला नाही आणि बाईंच्या वेळी समोसे उरले. ते समोसे बाईंच्या घशाखाली अजून उतरले नव्हते.

आजचा दिवस मात्र आपला, अशी त्यांची खात्री होती. आसावरी नावाची संशोधक मुलगी पुण्याहून आली होती. तीस वर्षांपूर्वी इथल्या माशांच्या पोटात कोणते जंत होते, हे तिला कॉलेजच्या संग्रहातल्या बरण्यांमधून शोधायचं होतं. हल्ली ते फारसे सापडत नाहीत. जंत गेले, म्हणजे ज्या गोगलगायींतून आणि पक्ष्यांतून ते फिरायचे त्यांचंही काहीतरी बिनसलं, असं तिचं म्हणणं. ज्याच्या माशांत जंत मिळतील, त्याचं नाव तिच्या शोधनिबंधात येणार होतं.

बाईंच्या बरण्या वरच्या फळीवर, लखलखीत. सुरेखाच्या अगदी खाली, आतलं पाणी कोऱ्या चहासारखं.

"सुरेखा, तू त्या स्टुलावर बस गं," बाई म्हणाल्या. "आणि बघ नुसतं."

आसावरीने बाईंचा पहिला मासा ट्रेमध्ये घेतला, पोटावरची बारीक शिवण उसवली आणि थबकली. आत कापूस होता. दुसऱ्या माशातही कापूस. तिसऱ्यातही.

"मॅडम, आतडी कुठे आहेत?"

"काढून टाकली. आतडी ठेवली की पोट सुटतं, मासा बेढब दिसतो," बाई तोऱ्यात म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच आतड्यांबरोबर जंतही गेले हे त्यांच्या ध्यानात आलं.

मग आसावरीने खालची बरणी उघडली. कात्री लावली मात्र, आतड्यातून पांढऱ्या जंतांचा झुबकाच बाहेर आला. ती आनंदाने ओरडलीच. "हे मासे कोणी जमवले?"

"मी," सुरेखा ओशाळून म्हणाली. गांगरली की तिची गावाकडची बोली तोंडात येई. "कोंडाण्याच्या ओढ्यातले हायत. बाई साफ करायला सांगायच्या, पण मला किळस यायची ओ. बाईंची पाठ वळली की तसेच टाकायचे बरणीत."

आसावरी खळखळून हसली. बाईही हसल्या, पण आतून त्यांचा नुसता जळफळाट चालला होता. हिची कामचुकारी छापून येणार, आणि आपण डोळे फोडून घातलेले टाके? ती काळी बरणी फरशीवर आपटावी असं त्यांना वाटलं. हात पुढे गेलासुद्धा. शेवटच्या क्षणी तो त्यांनी वर वळवला आणि आपलीच बरणी ओढली.

"माझ्यातही असेल एखादा," त्या म्हणाल्या.

पदर खोचून त्या एकेक मासा उसवत सुटल्या. कधीतरी ताप असेल, कधी घरी पाहुणे असतील, एखाद्या दिवशी तरी आपण घाई केली असेल. ट्रेमध्ये पांढऱ्याशुभ्र कापसाचा ढीग वाढत गेला.

सुरेखा स्टुलावरून उठली, हातमोजे चढवून त्यांच्या शेजारी उभी राहिली. "बाई, मी पण बघते. एखादा तरी चुकला असंल."

"चुकायला मी काय सुरेखा आहे?" बाई तिच्यावर खेकसल्या, आणि रडू आवरत त्यांनी पुढची बरणी ओढली.