विमान डावीकडे का कलत होते

मित्रांनो, मी राहते त्या खोक्यावर ‘जुने साचे’ असे लिहिले आहे. आत खरोखरच साचे आहेत, माणसांच्या जबड्यांचे, पांढऱ्या प्लास्टरचे. कुणाची दाढ गेलेली, कुणाचे पुढचे दात एकमेकांच्या अंगावर चढलेले. त्यांच्यात मी अंगाभोवती वायर गुंडाळून पडले आहे. पण मी साचा नाही. मी एक म्हातारी जॉयस्टिक आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो ना, त्यात विमानाचा दांडा म्हणून मला धरतात. मला डावीकडे वाकवले की पडद्यावरचे विमान डावीकडे कलते, मागे ओढले की नाक वर करते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला जाड चष्म्याची एक बाई बसायची. तिने माझ्या पोटात दोन स्प्रिंगा बसवल्या, एक डावीकडे ओढणारी, एक उजवीकडे, अगदी सारख्या ताकदीच्या. मग मला पार वाकवून सोडून दिले. मी थरथरले आणि मधोमध येऊन उभी राहिले. “झाली,” ती म्हणाली आणि तिने पुढची उचलली. आयुष्यातले ते पहिले कौतुक. हात सुटला की सरळ उभे राहायचे, एवढेच मी शिकले आणि तेच करत आले.

मला आणले दातांच्या डॉक्टरांनी. तेव्हा त्यांची मुलगी इतकी लहान होती की खुर्चीवर बसली की तिचे पाय लोंबकळायचे. डॉक्टर तिला मांडीवर घेत, तिचा हात माझ्यावर, त्यांचा हात तिच्या हातावर. “हात काढायचा नाही हं. विमान उडालं की उतरेपर्यंत हात काढायचा नाही,” ते सांगत. हा त्यांचा नियमच होता. दुपारी दवाखाना बंद झाला की चारपर्यंत आम्ही उडत असू. किती डोंगर ओलांडले, किती धावपट्ट्यांवर उतरलो! उतरल्यावर ते माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हणत, “आमची म्हातारी आहे म्हणून.” तेव्हा मी म्हातारी नव्हते, पण मला ते आवडायचे.

दवाखाना पुढच्या खोलीत आणि मी मागच्या. मधली भिंत पातळ, त्यामुळे ड्रिलचा आवाज, पेशंटचे कण्हणे, सगळे मला ऐकू येई. आणि दवाखान्यातल्या मदतनीस बाई. डॉक्टरांच्या हाताखाली त्या अठरा वर्षे होत्या. एका हातात दिवा, दुसऱ्या हातात लाळ ओढणारी नळी धरून तासतास उभ्या राहायच्या. मुलगी लहानपणी रडली तर तिला कापसाचे ससे करून द्यायच्या.

गेल्या वर्षी आमचे विमान डावीकडे कलायला लागले.

आधी थोडेसे. मग इतके की डॉक्टर सरळ रस्ता धरून निघत आणि पाच मिनिटांत डाव्या हाताच्या टेकडीवर जाऊन आपटत. रविवारी त्यांचा मेहुणा यायचा. तो खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाला, “भाऊजी, तुमच्या विमानाचं माहेर तिकडे आहे का? सारखं तिकडेच ओढ घेतंय!”

डॉक्टरांना हसू आले नाही. ते हट्टाला पेटले. आधी खेळातल्या विमानाचे इंधन तपासले. डाव्या पंखाच्या टाकीत जास्त होते, ते कमी केले. विमान कललेच. मग मागचे सामान पुढे घेतले. विमान कललेच. मग ते म्हणाले, वैमानिक डाव्या बाजूला बसतो आणि उजवी सीट रिकामी, म्हणून तोल जात असेल. त्यांनी उजव्या सीटवर ऐंशी किलो टाकले.

“कुणाला बसवलंत?” मेहुण्याने विचारले.

“आमच्या बाईंना. आता बघू कसं उचलतंय ते.”

दोघे खो खो हसले. बाई उद्याच्या पेशंटची वही घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी वही टेबलावर ठेवली आणि त्या निघून गेल्या. विमान पुन्हा टेकडीवर आपटले.

मग पाळी माझी आली. डॉक्टरांनी मला उघडले, स्प्रिंगा काढून पुसल्या, परत बसवल्या. स्प्रिंगा ठणठणीत होत्या. त्यांनी मला टेबलावर आपटले. एकदा नाही, तीनदा. माझ्या बुडाला तडा गेला तो तेव्हाचा.

मित्रांनो, मला सगळे माहीत होते. त्यांचा उजवा हात हल्ली नकळत आत ओढला जात होता. तळवा माझ्यावर टेकला की तो हळूहळू डावीकडे भार द्यायचा. त्यांना तो जाणवत नव्हता. मला जाणवत होता. पण मला तोंड नाही.

भिंतीपलीकडेही तेच चालले होते. एक दिवस ड्रिल घसरले आणि एका पेशंटची हिरडी फाटली. “तुम्ही हललात,” डॉक्टर त्याला म्हणाले. दुसऱ्यांदा घसरले तेव्हा म्हणाले, “बाई, दिवा नीट धरा.” तिसऱ्यांदा एका शाळामास्तरांची जीभ कापली आणि ते रक्ताच्या गुळण्या करत ओरडू लागले. त्यांच्यासमोरच डॉक्टर कडाडले, “अठरा वर्षं झाली, अजून दिवा धरता येत नाही? उद्यापासून येऊ नका!”

“डॉक्टर, दिवा हलला नव्हता हो,” बाई म्हणाल्या. बस, एवढेच.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी शेवटचा उपाय केला. कॉम्प्युटरला माझा मध्य, म्हणजे मी सरळ उभी असते ती जागा, नव्याने शिकवता येतो. पडद्यावर सूचना आली: दांड्यावरून हात काढा आणि बटण दाबा. पण त्यांच्या अंगात नियम मुरलेला. त्यांनी उजवा हात माझ्यावर तसाच ठेवला आणि डाव्या हाताने बटण दाबले. त्यांचा कललेला हात म्हणजेच मध्य, असे कॉम्प्युटरने लिहून घेतले.

आणि विमान सरळ उडाले! डॉक्टर लहान मुलासारखे ओरडले. त्यांनी मला टिचकी मारली. मला मात्र पहिल्यांदाच ती नकोशी वाटली.

दोन दिवसांनी बाई दवाखान्याच्या किल्ल्या द्यायला आल्या. दुसऱ्या एका दवाखान्यात त्यांना काम मिळण्यासारखे होते. त्यासाठी अनुभवाचे पत्र हवे होते. डॉक्टरांनी ते लिहून ठेवलेच होते. बाईंनी उभ्या उभ्या वाचले. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली: ‘हात स्थिर नसल्यामुळे कामावरून कमी केले.’

“डॉक्टर, एवढी ओळ काढा. ही वाचून मला कोण ठेवेल?”

डॉक्टर खुशीत होते. “बसा इथे,” ते म्हणाले. “धरा हा दांडा. नुसता सरळ धरायचाय. तेवढं जमलं तर काढतो ओळ.”

बाई बसल्या. त्यांनी मला धरले. मित्रांनो, इतका शांत हात मला जन्मात कधी लाभला नव्हता. मी मधोमध, केसाएवढीसुद्धा हलले नाही. आणि पडद्यावरचे विमान उजवीकडे कलले, आणखी कलले, उलटे झाले आणि शेतात आपटले.

“बघा!” डॉक्टरांनी टाळी वाजवली. “मी काय उगाच लिहिलं?”

मुलगी दारात उभी होती. आता ती कॉलेजात जाते. “थांबा, मी बघते,” ती म्हणाली. तिच्या हातातही विमान उजवीकडेच आपटले. मग तिने नवे उड्डाण लावले आणि मला टेबलावर एकटीला सोडून दिले. मी जन्मभर उभी राहिले तशी सरळ उभी राहिले. विमान उजवीकडे पडले.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “मध्य बसवताना तुम्ही हात काढला नव्हतात का?”

डॉक्टरांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. तो मांडीवर होता, आतल्या बाजूला वळलेला. त्यांनी तो खिशात घातला. बाईंनीही तो पाहिला.

“ती ओळ, डॉक्टर,” बाई म्हणाल्या.

“खेळण्यावरून मला डॉक्टरकी शिकवू नका. पत्र लिहून झालंय.”

“बाबा!”

“तुझी फी या हातातून येते. कळलं?”

मुलगी खाली बघू लागली. कापसाच्या सशांची तिला आठवण झाली की नाही, ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी माझी वायर हिसकली आणि मला जमिनीवर टाकले. बाईंनी पत्राची घडी करून पर्समध्ये ठेवली. मग सवयीने त्या वाकल्या, मला उचलले, नळी गुंडाळायच्या तशी माझी वायर सारखे वेढे देऊन गुंडाळली आणि मला टेबलावर सरळ ठेवून निघून गेल्या. त्याच दुपारी मी या खोक्यात आले. हे खोके दवाखान्यातल्या कपाटाखाली असते.

मित्रांनो, तुमच्या घरचे एखादे यंत्र वाकडे चालू लागले तर ते आपटू नका. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही बोल लावू नका. आधी त्याच्यावरून आपला हात काढा आणि ते एकटे कसे उभे राहते ते बघा. मग आपल्या हाताकडे बघा. भीती वाटली तरी बघा.

खोक्याच्या फटीतून मला फारसे दिसत नाही. आत्ता कुणीतरी खुर्चीत बसले आहे. लहान असावे, कारण पाय लोंबकळत आहेत. दिवा धरायला नवी मुलगी आली आहे. ड्रिल सुरू झाले. थांबले. कुणीतरी किंचाळले.

“तू हललास,” डॉक्टर म्हणाले.