मागे कडकच

आईने अट घातली ती रविवारी सकाळी, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळता गुंडाळता. म्हणजे आधी काही बोलणं नाही, चर्चा नाही, थेट निकालच!

"पुढच्या रविवारी मावशीकडे जायचं. ह्याच गाडीतून. माझी कंबर धड राहिली तर गाडी राहील. नाहीतर सोमवारी दातांच्या डॉक्टरांना किल्ली देऊन टाकायची. बास."

बाबांनी पेपरच्या मागूनच "बरं" म्हटलं, पण पेपर उलटा होता, हे धाकटीने पाहिलं.

आता ही गाडी म्हणजे साधीसुधी नाही हं. धाकटीच्या जन्माच्याही चौदा वर्षं आधीची. साईच्या रंगाची, गोल दिव्यांची, दार लावलं की "ठप्प" असा भरदार आवाज करणारी. बाबा टाइल्सच्या कारखान्यात विक्रीचं काम करायचे आणि हीच गाडी घेऊन दुकानादुकानांत फिरायचे, एक नाही दोन नाही, चौतीस वर्षं! धाकटी गाडी शिकली तीही हिच्यावरच, फाटकाचा खांब पाडून. आणि शेजारच्या घरातले दातांचे डॉक्टर तर तिच्यावर असे लट्टू, की जाता-येता बॉनेटवरून हात फिरवायचे. धाकटी म्हणायची, "एक दिवस हे गाडीला 'आ करा' म्हणणार बघ."

पण गेल्या वर्षी आईच्या मणक्याने दगा दिला. तेव्हापासून ती तीनदा गाडीत बसली आणि तिन्ही वेळा नंतर दोन-दोन दिवस गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली. शेवटच्या वेळी तर एका गतिरोधकावर ती मागच्या सीटवरून अशी उडाली, की तिचा चष्मा पुढे बाबांच्या मांडीवर! मग चिडेल नाही तर काय करेल?

तर सोमवारी बाबा आणि धाकटी पोचले पानाताईच्या गॅरेजमध्ये. हिला पानाताई का म्हणतात, तर स्वतःच्या लग्नातही हिच्या पर्समध्ये दहा-अकराचा पाना होता. पानाताईने कमरेची हकिगत ऐकली आणि डिकीच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवले, सगळं वजन टाकून दाबलं आणि सोडलं. गाडी वर-खाली, वर-खाली, लहान मूल "हो हो हो" म्हणतं तशी.

"काका, शॉकअप गेले. चारही. स्प्रिंगचं काम उड्या मारायचं आणि शॉकअपचं काम तिला 'पुरे' म्हणायचं. इथे पुरे म्हणणारंच कुणी उरलं नाही."

एवढ्या जुन्या गाडीचे मूळचे शॉकअप आता मिळतात कुठे! पण मापाला बसतील असे दोन प्रकार तिने फळीवर मांडले. एक काळे, तेलाचे, मऊ. दुसरे लालभडक, गॅसचे, कडक. लाल दिसायला असले झकास, की धाकटीचा हात आपोआप तिकडेच गेला.

"पुढे काळे," बाबा म्हणाले. "मागचं बघून सांगतो." आणि त्यांनी खिशातून वही काढली.

वहीबद्दल सांगायलाच हवं. बाबांनी गाडीचं जे जे केलं ते ते ह्या वहीत आहे. घरात कुणाच्या वाढदिवसाची तारीख विसरेल, पण पंख्याचा पट्टा कधी बदलला ते नाही. वहीत आहे म्हणजे आहे, त्यावर अपील नाही. बाबांनी पान काढून बोट ठेवलं: 'मागचे शॉकअप नेहमी कडकच घ्यावेत.' खाली दोन रेघा.

पानाताईने कान खाजवला. "काकूंच्या कमरेसाठी ना? मग कडक कशाला?"

"पोरी, दोन रेघा मारल्यात मी."

झालं. मागे लाल बसले.

गुरुवारी गाडी घरी आली. बाबा चालवायला आणि धाकटी मुद्दाम मागे, आईच्या जागेवर. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचेस्तोवर तिची बत्तिशी वाजायला लागली. रस्त्यात खडा जरी आला तरी तो कुठल्या आकाराचा आहे ते बुडाला कळत होतं!

"नवीन आहेत, बसतील हळूहळू," बाबा म्हणाले, पण आवाजात काही दम नव्हता.

शुक्रवारीही बसले नाहीत. संध्याकाळी धाकटी कामावरून आली तर बाबा गाडी पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी पुढचा कप्पा उघडला आणि एकेक वस्तू बाहेर काढून पिशवीत भरायला लागले. जुना चष्मा, टॉर्च, तिच्या शाळेतल्या बसचा पास. दुसऱ्याला द्यायची गाडी रिकामी करतात ना, तशी.  

धाकटी हात धुवायला न्हाणीघरात गेली. आणि समोर ती भिंत. तीन वर्षांपूर्वी बाबा निवृत्त झाले तेव्हा डिकीतल्या नमुन्याच्या सगळ्या टाइल्स आईने न्हाणीघरात लावून घेतल्या होत्या, एकीसारखी दुसरी नाही. निळी, वेलबुट्टीची, मासळीची, खडबडीत, गुळगुळीत. जमिनीपासून छतापर्यंत. रोज बघते ती ही भिंत, रोज! पण त्या दिवशी ती साबणाचे हात तसेच धरून बघतच राहिली, आणि मग अशी पळत सुटली की पायपुसणं पायाबरोबर अंगणात.

"बाबा! ती ओळ कधी लिहिलीत?"

बाबांनी वही चाळली. "तू दुसरीत होतीस."

"तेव्हा डिकीत काय असायचं?"

बाबांनी डिकीकडे पाहिलं. मग न्हाणीघराच्या खिडकीकडे पाहिलं. "...आठ खोकी. दोन माणसांनी उचलायची."

"आणि आता?"

"जादा चाक. आणि आईची छत्री."

"ती छत्री तिथे आहे होय!" आतून आईचा आवाज. "मी सगळं घर उलथंपालथं केलं तिच्यासाठी!"

शनिवारी सकाळी पानाताई गाडीखाली शिरली आणि खालूनच हसायला लागली. "काका! मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांत एक पाटा जास्तीचा आहे! कुणाचा उद्योग हा?"

बाबांनी वहीचं एक पान मागे उलटलं आणि खोकल्यासारखं केलं. "माझाच. टाइल्सचं वजन पेलावं म्हणून घालून घेतला होता."

"तीन वर्षं काकूंना टाइल्सच्या जागी बसवलंत की तुम्ही!"

जास्तीचा पाटा निघाला. लाल निघाले, ते पानाताईने परत घेतले, तिच्या भावाच्या माल वाहायच्या गाडीला चालणार होते. मागेही काळे, मऊ बसले. मग तिने कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. बाबांनी स्वतः दाबून बघितलं. परत एकदा. आणि उगाचच तिसऱ्यांदा.

रविवार. आई मागे, पाठीला उशी, चेहरा परीक्षकाचा. पहिल्या गतिरोधकावर बाबांनी श्वास धरला. मागून आवाज नाही. खडी उखडलेल्या रस्त्यावर धाकटीने डोळे मिटून घेतले. मागून आवाज नाही. पुलानंतर मात्र आवाज आला. बारीक, लयीत. धाकटीने वळून पाहिलं तर आईसाहेब चक्क घोरतायत! तोंड उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पण जागच्या जागी.

मावशीचं घर आलं. मावशी फाटकात उभी. बाबांनी गाडी थांबवलीच नाही, पुढे नेली आणि वळसा घालून परत आणली. मावशीने हात हलवला. बाबांनीही हलवला आणि पुन्हा पुढे. तिसऱ्या फेरीला मावशीचे दोन्ही हात कमरेवर.

"अहो," मागून झोपाळलेला आवाज आला, "कुठे आलो?"

"मावशीच्या घरापुढून तिसऱ्यांदा जातोय," धाकटी म्हणाली.

"मग थांबवा की! ती काय म्हणेल?"

गाडी थांबली. आई उतरली, कुणाचा हात न धरता. दार लावलं. ठप्प.

बाबा अजून स्टिअरिंग धरूनच बसलेले. "अगं, मग दातांच्या डॉक्टरांना काय सांगू?"

"सांगा, दाढ दाखवायला येतो म्हणावं." आई फाटकाकडे चालायलाही लागली होती. "आणि ती छत्री डिकीतच राहू दे. वहीत लिहून ठेवा, नाहीतर परत शोधत बसेन."